देवळाली रेंजच्या भंगारातले दोन जुने गोळे: कुठल्या तोफेचे, सरावाचे का, कुणी सांगेल का?

भगूरची

नमस्कार मंडळी. इथे जुनी नाणी, जुनी कुलपं यांवर बरंच बोलणं होतं, माझा प्रश्न जरा आडवाटेचा आहे.

माझ्या आजोबांचं भगूरला भंगाराचं दुकान होतं. देवळालीच्या तोफखान्याचं रेंज जवळ, त्यामुळे शिंगवे बहुला, लहवीत या बाजूची माणसं फायरिंग संपलं की तुकडे वेचायची आणि गोणीत घालून आमच्याकडे वजनावर विकायची. लोखंड एका भावाने, तांबं वेगळ्या भावाने. आजोबा गेले, दुकान मोडलं, तरी दोन वस्तू मोठ्या काकूंनी ठेवून घेतल्या. आता वाडा पाडायचं ठरलंय. चुलतभाऊ म्हणतो, दोन्ही सरावाचे गोळे आहेत, सरावाच्या गोळ्यात काही नसतं, दे भंगारात. मला मात्र देण्याआधी ते काय आहेत हे कळायला हवंय.

पहिली वस्तू म्हणजे लोखंडी नळकांडं. उंची फुटाला थोडी कमी. वरचं तोंड सताड उघडं. तोंडाच्या आतून आटे असावेत, पण ते ओरबाडल्यासारखे झालेत. बुडापासून थोडं वर तांब्याची रुंद पट्टी, आणि तिच्यावर तिरप्या खाचा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, सारख्या अंतरावर. पट्टीच्या वर दोरा गुंडाळून घेर मोजला तो 26.3 सेंमी भरला. तिथेच ठोकलेली अक्षरं आहेत: 18, मग इंग्रजी पी आणि आर, मग बाणासारखी खूण. पुढचं गंजाने खाल्लंय. काकू त्यात वाळू घालून उदबत्त्या लावायच्या. वाळू आता घट्ट बसली आहे, आत खाली काय आहे ते दिसत नाही.

दुसरी वस्तू दाराला अडकण म्हणून होती. वीतभर लांब, निमुळती, हाताला भरीव लागते. टोकाला भोक वगैरे काही नाही. घेर 18 सेंमीला किंचित कमी, वजन अडीच-तीन किलो असेल. हिलाही तांब्याची पट्टी आहे, खाचा असलेली. बुडाच्या मधोमध बूच बसवल्यासारखं एक गोल दिसतं आणि त्या गोलात समोरासमोर दोन बारीक भोकं.

फोटो जोडले आहेत. रंग कशालाच उरलेला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

दारूगोळा हवालदार

ताई, ओळख सांगतो, पण आधी एवढं करा. दोन्ही वस्तू आहेत तिथेच राहू द्या. उचलू नका, पुन्हा दोरा गुंडाळू नका, वाळू उकरू नका, गंज खरवडू नका. पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराला आजच थांबवा आणि 112 ला फोन लावा, किंवा पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात कळवा. ते बॉम्बशोधक व नाशक पथक पाठवतात. हे सगळं का, ते खाली सांगतो.

माझी नोकरी ऑर्डनन्स कोरमध्ये झाली. जबलपूरला कोर्स, मग पुलगाव, मग देहूरोड. आयुष्य दारूगोळा मोजण्यात आणि तपासण्यात गेलं. त्यामुळे फोटो बघितला की हात शिवशिवतात हे खरं. पण फोटोवरून गोळा कुठल्या तोफेचा ते सांगता येतं. तो रिकामा आहे हे फोटोवरून कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही.

लोक आधी रंग बघतात. रेंजवर पावसात पडलेल्या गोळ्याचा रंग राहत नाही, म्हणून आम्ही व्यासापासून सुरुवात करतो. तुमचा 26.3 चा घेर म्हणजे 84 मिलिमीटरच्या आसपास व्यास, म्हणजे 3.3 इंच. ही 18 पौंडी तोफ. ब्रिटिशांनी 1904 साली घेतली, पहिलं महायुद्ध तिच्यावर लढले, हिंदुस्थानी तोफखान्यातही ती पुढे बरीच वर्षं होती. तिच्यानंतर आली ती 25 पौंडी, तिचा व्यास 87.6 मिलिमीटर. दोन्हीत फरक चार मिलिमीटरसुद्धा नाही, नुसत्या डोळ्यांनी कुणीही फसेल. दोऱ्याने मात्र घेरात सेंटिमीटरभराचा फरक पडतो, तो तुमच्या मापात स्पष्ट आहे. 84 मिलिमीटर म्हटलं की आणखी दोन नावं डोक्यात येतात, सेंच्युरियन रणगाड्याची 20 पौंडी आणि खांद्यावरची कार्ल गुस्ताफ. पण इथे 18 आणि पीआर ठोकलेलं आहे, म्हणजे 18 पाउंडर, वादच मिटला. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणाखाली इंग्रजी आय अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारच्या खात्यातला. तुमच्या फोटोत बाणाखाली नेमका गंज आलाय.

आता हे नळकांडं उघडं का? कुणी कापलेलं नाही. हा श्रापनेलचा गोळा आहे. साध्या स्फोटक गोळ्याच्या चिंधड्या होतात, त्याचं असं अख्खं अंग मिळत नाही. श्रापनेलचं काम उलटं. आत शिसं-अँटिमनीच्या गोळ्या, 18 पौंडीत पावणेचारशेच्या आसपास, राळेत बसवलेल्या. सगळ्यात खाली बुडात काळी दारू. तिच्यावर एक पोलादी चकती, चकतीच्या मधून वर फ्यूजपर्यंत, म्हणजे गोळा पेटवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, जाणारी नळी. फ्यूजला वेळ लावलेली असते. गोळा लक्ष्याच्या अलीकडे हवेत असतानाच ठिणगी नळीतून खाली जाते, काळी दारू पेटते, चकती वर ढकलली जाते, पुढचं डोकं निखळतं आणि गोळ्या पुढच्या पुढे झोडपत जातात. अंग फुटतच नाही, ते रिकामं खाली पडतं. म्हणून तोंडाचे आटे ओरबाडलेले. शांततेच्या काळात हेच गोळे सरावालाही उडवत, कारण हवेत धुराचा पांढरा पुंजका दिसतो आणि ऑफिसरला मार कुठे चाललाय ते दुर्बिणीतून कळतं. तेव्हा भाऊ सरावाचा म्हणतो ते अर्धं खरं. सरावात उडवलेला असेल, पण जात युद्धाचीच.

आता तुमच्या काकूंच्या वाळूकडे येतो. गोळा नीट उडाला असेल तर ती चकती बाहेर गेली असणार आणि आत बुडापर्यंत मोकळं असणार. पण कधी कधी गोळा जमिनीवर आपटून डोकं तुटतं, गोळ्या सांडतात किंवा शिशासाठी माणसं त्या काढून घेतात, आणि चकती जागच्या जागी राहते. चकतीखाली काळी दारू तशीच. वरून बघणाऱ्याला दोन्ही गोळे सारखेच रिकामे. काळी दारू भिजली म्हणजे मेली असं नाही, वाळली की परत पेटते. आणि तिथे काकू उदबत्ती लावत होत्या. काही झालं नाही हे त्यांचं नशीब, किंवा चकती खरंच गेलेली आहे. दोन्हीतलं काय, ते वाळू काढल्याशिवाय कळायचं नाही, आणि वाळू काढणं तुमचं काम नाही.

दुसरी वस्तू मला पहिलीपेक्षा जास्त खटकते. तिचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

छंद जुन्या वस्तूंचा

हवालदारसाहेब, माहिती उत्तम, पण उगाच घाबरवू नका लोकांना. माझ्याकडे पितळी काडतुसांच्या टोप्या, जुने गोळे असं बरंच आहे, कित्येक वर्षं शोकेसमध्ये आहेत. इतकी वर्षं जे फुटलं नाही ते आता काय फुटणार? आणि दुसरी वस्तू तर सरळ भरीव शॉट दिसते. टोकाला फ्यूजचं भोकच नाही, म्हणजे आत काही भरायला जागाच नाही. तारेच्या ब्रशने घासून तेल लावा, छान दिसेल. पोलिसांना बोलावलंत तर वस्तू गेली म्हणून समजा.

दारूगोळा हवालदार

छंदवाले, तुमच्या पितळी टोप्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. रिकामी काडतूसनळी, जिची कॅप उडालेली आहे, ती वेगळी गोष्ट. रेंजवरून आलेला गोळा वेगळा.

टोकाला भोक नाही म्हणजे भरीव, हा हिशोब चुकीचा आहे. 57 मिलिमीटर व्यास, म्हणजे 6 पौंडी. दुसऱ्या महायुद्धातली रणगाडाविरोधी तोफ. रणगाडाविरोधी तोफा तेव्हा तोफखान्याकडे असत, आणि तोफखान्याची शाळा 1941 साली आजच्या पाकिस्तानातल्या काकूलहून देवळालीला आली, तेव्हा देवळालीच्या भंगारात 57 मिलिमीटर मिळणं नवल नाही. तिचा पोलादी शॉट भरीवच असतो, बुडाला फक्त ट्रेसरची खळगी. ट्रेसर म्हणजे जळत जाणारा मसाला, गोळा कुठे गेला ते दिसावं म्हणून. हा झाला चांगला पर्याय.

पण 57 मिलिमीटरची आणखी एक तोफ होती, हॉचकिसची जुनी 6 पौंडी, जहाजांवरची आणि किनाऱ्यावरची. तिच्या गोळ्याचं टोकही असंच बंद आणि निमुळतं. फ्यूज बुडात. आत पोकळी, पोकळीत काळी दारू. चिलखतात घुसून मग फुटायचं असलेला कुठलाही गोळा असाच बनवतात, टोक आख्खं ठेवून फ्यूज मागे, कारण पुढे फ्यूज ठेवला तर तो पहिल्याच धक्क्याला चेचला जाईल. ताईंनी बुडाला जे बूच आणि दोन बारीक भोकं लिहिलीत ती पान्याने फिरवायची भोकं आहेत. ट्रेसरच्या बुचालाही तशी असू शकतात, फ्यूजलाही. अनुभवी माणूससुद्धा एक्स-रे किंवा नीट तपासणी न करता त्यावर बोट ठेवून सांगणार नाही. तुम्ही शोकेसच्या काचेतून सांगताय.

"इतकी वर्षं फुटलं नाही" याचंही सांगतो. कारखान्यातून आलेला, न उडवलेला गोळा तुलनेनं शहाणा असतो, कारण फ्यूजच्या आतल्या अटकावण्या जागेवर असतात. तोफ उडाली की त्या धक्क्याने पहिली अटकावणी सुटते, गोळा गरगर फिरायला लागला की बाकीच्या सुटतात. मग फ्यूज जागा झाला. लक्ष्यावर काही कारणाने फुटला नाही, की फौजेत त्याला ब्लाइंड म्हणतात. ब्लाइंड म्हणजे सगळी कुलपं उघडलेला गोळा, फक्त शेवटची टिचकी राहिलेली. आता तांब्याच्या पट्टीकडे परत या. तोफेच्या नळीतल्या पेचात दाबली गेल्याशिवाय तिच्यावर त्या तिरप्या खाचा पडत नाहीत. न उडवलेल्या गोळ्याची पट्टी गुळगुळीत असते. लोकांना खाचावाला गोळा "वापरून झालेला" वाटतो आणि बिनधास्त वाटतो. आम्ही खाचा दिसल्या की दोन पावलं मागे सरकतो.

आणि भंगारवाल्यांचा जीव जातो तोही बहुतेक त्याच पट्टीपायी. तांब्याला भाव येतो म्हणून छिन्नी-हातोडा घेऊन पट्टी उचकटायला बसतात. ताई, राग मानू नका, तुमच्या आजोबांच्या काळी सगळीकडे हेच चालायचं.

तारेच्या ब्रशबद्दल एकच. जुन्या ब्रिटिश गोळ्यांत लिडाइट असायचं, म्हणजे पिक्रिक अॅसिड. ते शिशाला, तांब्याला वगैरे लागून वर्षानुवर्षं राहिलं की जे क्षार तयार होतात ते घासण्यानेसुद्धा पेटतात. घासून तेल लावायचा सल्ला मागे घ्या.

सॅन दिएगोकर

इकडचं एक उदाहरण देते, कारण "सरावाची जागा, जुनी, बंद झालेली" हे शब्द ऐकले की आमच्याकडे सगळे गंभीर होतात. सॅन दिएगोत टिएरासांता नावाची वस्ती आहे. ती ज्या जमिनीवर उभी राहिली तिथे दुसऱ्या महायुद्धात कॅम्प एलियट नावाची लष्करी छावणी आणि तिची रेंज होती. 1983 च्या डिसेंबरमध्ये घराजवळच्या घळीत खेळणाऱ्या दोन आठ वर्षांच्या मुलांना 37 मिलिमीटरचा एक जुना गोळा सापडला आणि त्यात दोघेही गेले. युद्ध संपून तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. 37 मिलिमीटर म्हणजे केवढासा, मुलाच्या मुठीत मावेल इतका.

त्यानंतर तो सगळा भाग पुन्हा पुन्हा झाडून काढला गेला. इथे शाळेत तीन गोष्टी शिकवतात: ओळखा, मागे फिरा, कळवा. माझा मुलगा ट्रेकला गेला की गंजलेला पाइप दिसला तरी फोटो पाठवून विचारतो. आधी मला अति वाटायचं.

हवालदारकाकांना एक विचारायचं होतं. इथल्या म्युझियममध्ये मोठ्या तोफेच्या नळीवर छोटी 37 मिलिमीटरची नळी बसवलेली बघितली. ती कशासाठी?

दारूगोळा हवालदार

ताई, ती खर्च वाचवायची युक्ती. मोठा गोळा महाग, त्याला रेंजही लांबलचक लागतं, आणि तोफेची नळी दर गोळ्यागणिक झिजते. पण शिकाऊ पोरांना नेम धरणं, हुकूम देणं-घेणं, मार दुरुस्त करणं हे रोज करायला हवं. म्हणून मोठ्या तोफेच्या नळीत किंवा नळीवर छोटी नळी बसवतात. चाकं फिरवायची, दुर्बीण लावायची ती मोठ्या तोफेचीच, उडतो मात्र छोटा गोळा. अमेरिकनांनी 37 मिलिमीटर वापरली. ब्रिटिशांकडे नळीत बसवायची 1 इंची एमिंग रायफल होती. किनाऱ्यावरच्या मोठ्या तोफांना 3 पौंडी, म्हणजे 47 मिलिमीटरची, जोडत. त्यामुळे जुन्या रेंजवर अशा विचित्र मापाच्या बारक्या गोळ्या मिळतात, ज्या तिथल्या कुठल्याच तोफेच्या वाटत नाहीत. माणसं गोंधळतात ती इथे.

आणि सरावाचा म्हणून मुद्दाम बनवलेला गोळाही बिनदारूचा असेलच असं नाही. सरावाच्या गोळ्याचं वजन आणि आकार खऱ्याइतकाच ठेवावा लागतो, नाहीतर तो तोफेच्या कोष्टकाप्रमाणे पडणारच नाही. म्हणून आत स्फोटकाऐवजी निरुपद्रवी भरताड घालतात. पण तो कुठे पडला हे दिसायला तर हवं! त्यासाठी थोडी काळी दारू किंवा धुराचा मसाला आणि ती पेटवायला खरा फ्यूज. एवढ्याशा दारूने तोफेचं लक्ष्य मोडत नाही, माणसाचा हात मात्र जातो. अमेरिकन आणि नेटोच्या पद्धतीत सरावाचा गोळा निळा रंगवतात. निळ्यावर तपकिरी पट्टा असेल तर आत हलकं स्फोटक आहे, पिवळा असेल तर जोरदार. निळा बघितला की "नकली आहे" म्हणणारे मी बरेच बघितले. पूर्ण निर्जीव असतो तो ड्रिलचा गोळा, जो तोफेत भरायचा-काढायचा सराव करायला वापरतात. तो कधी उडवतच नाहीत, त्यामुळे तो रेंजवर पडलेला मिळायचं कारणच नाही.

नगरी मिसळ

काका, आमच्याकडचं पण सांगा. मी नगरचा. के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने, आमच्या मामाच्या गावापासून लांब नाही. रणगाड्यांचं फायरिंग चालतं. लाल झेंडे लागतात, तारखा आधी जाहीर होतात, लहानपणी दवंडी ऐकलेली आठवते. मामाच्या शेजाऱ्याकडे एक वस्तू बघितली होती: पोलादी दांडा, पुढे टोकदार, मागे शंकूच्या आकाराची शेपटी आणि त्या शंकूत गोल भोकं. तांब्याची पट्टी नाहीच. गावात कुणी म्हणे रॉकेट, कुणी म्हणे विमानातनं पडलं.

दारूगोळा हवालदार

रॉकेट नाही. रणगाड्याच्या तोफेतून सरावाला उडवायचा बाण आहे तो. खऱ्या बाणाला मागे पंख असतात आणि तो चुकला तर कितीतरी किलोमीटर लांब जातो. आपल्याकडे एवढं मोठं मोकळं रान कुठलं आणायचं? म्हणून सरावाच्या बाणाला पंखांऐवजी भोकांचा शंकू लावतात. वेग जास्त असेपर्यंत भोकांतून हवा जाते आणि तो सरळ धावतो. वेग एका मर्यादेखाली आला की भोकं हवेला पुरत नाहीत, शंकू हवा अडवायला लागतो आणि बाण लवकर खाली येतो. पट्टी नाही कारण नळीत तो एका तुटून पडणाऱ्या खोळीत बसलेला असतो, खोळ बाहेर पडताच गळून जाते. हे डिझाइन मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू. याच्यात स्फोटक नसतं, पण शेपटीत ट्रेसर असतो, आणि पूर्ण जळलेला आहे की नाही ते तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. तेव्हा शेजाऱ्यालाही तोच निरोप, ठाण्यात कळवा.

विमानाचं म्हणाल तर, विमानातून टाकायचे सरावाचे बॉम्ब वेगळे. ब्रिटिशांचे 8.5 आणि 11.5 पौंडी असत. मागे पंख, आत धुराचा नाहीतर चकाकीचा मसाला. लोक त्यांना मॉर्टरचे गोळे समजतात.

दवंडीवरून आठवलं. हे रेंज असं कुणाच्या मर्जीने चालत नाही. 1938 चा कायदा आहे, मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अॅक्ट. राज्य सरकार राजपत्रात क्षेत्र आणि मुदत जाहीर करतं, गावांना आधी सूचना द्यावी लागते, पिकाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूदही त्यातच आहे. फायरिंग झाल्यावर ब्लाइंड शोधून जागेवरच उडवतात. पण काळ्या मातीत पाऊस पडल्यावर गोळा खोल शिरला तर तो त्या वर्षी सापडत नाही. मग कधीतरी नांगराला लागतो किंवा ओढ्याच्या काठातून बाहेर येतो. सापडला नाही म्हणून तो संपला, असं रेंजवर कुणी धरत नाही. वेचणारे धरतात.

छंद जुन्या वस्तूंचा

बुडाच्या फ्यूजचं माहीत नव्हतं. ब्रशवालं वाक्य काढून टाकलंय. माझ्याकडच्या एका गोळ्याचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत पाठवू का?

दारूगोळा हवालदार

पाठवा. पण जवळ जाऊन, फिरवून, बुडाचा फोटो नको. आहे तिथून, आहे तसा. पट्टीवर खाचा असतील तर फोटो मला न पाठवता तोच फोन करा जो ताईंना सांगितलाय.

भगूरची

काय झालं ते सांगते. आधी भाऊ हसला, मग सॅन दिएगोच्या ताईंचा मजकूर वाचायला दिला तेव्हा गप्प बसला आणि फोन त्यानेच लावला. ठाण्यातून माणसं आली, त्यांनी वाडा आणि शेजारची दोन घरं रिकामी करायला लावली, मग पथक आलं. काकूंना ओसरीवरून हलवणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. "माझ्या लग्नाआधीपासून आहे ते घरात" हे त्या प्रत्येक वर्दीवाल्याला सांगत होत्या.

पहिल्या वस्तूतली वाळू त्यांनी त्यांच्या पद्धतीने काढली, आम्हाला लांबच ठेवलं होतं. नंतर त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, खाली चकती नाही, बुडापर्यंत मोकळं आहे. म्हणजे काका, तुम्ही म्हणालात तसा नीट उडालेला श्रापनेल. तरी पंचनाम्यात घेऊन ते नळकांडं नेलं. परत मिळेल का विचारलं तर नुसतं हसले.

दुसऱ्याबद्दल काहीच बोलायला तयार नव्हते. वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवून नेलं, तोफखान्याच्या लोकांना दाखवणार म्हणाले. मी "ट्रेसर का फ्यूज?" असं विचारलं तेव्हा त्या साहेबांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणाले.

आता नवीन प्रश्न. पथक गेल्यावर भाऊ माळ्यावर सामान बघायला चढला. तिथे दुकानाचं एक जुनं पोतं निघालं. त्याने तोंड सोडून आत बघितलं फक्त, हात घातला नाही असं म्हणतो. वर तांब्याच्या पट्ट्यांचे तुकडे आहेत, आणि त्यांच्यात पितळेचं काहीतरी, नारळाच्या करवंटीएवढं, निमुळतं, त्याच्या भोवती कडी आणि कड्यावर बारीक रेघा आणि अंक कोरलेले. एखाद्या जुन्या मापाच्या यंत्रासारखं दिसतं म्हणे. ते पण गोळ्याचंच का?

दारूगोळा हवालदार

भावाला आधी माळ्यावरून खाली उतरवा. शिडी काढून घ्या.

अंक कोरलेलं पितळी कडं म्हणजे वेळेचा फ्यूज. 18 पौंडीच्या श्रापनेलवर 80 नंबरचा फ्यूज असे, तो असाच. एकावर एक दोन कडी, दोन्हीत काळी दारू ठासलेली, खालचं फिरवून अंक लावला की किती सेकंदांनी पेट खाली पोचायचा ते ठरतं. तुमच्या नळकांड्याचं हे डोकं असेल तर कड्यांतली दारू हवेतच जळून गेली असेल. पण त्या फ्यूजमध्ये वेळेच्या यंत्रणेशिवाय आपटल्यावर चालणारा वेगळा भागही असतो, त्याची स्वतःची टिकली असते, आणि तो भाग जळायचा काही संबंध नाही. तो पोत्यात तांब्याच्या तुकड्यांवर आडवा पडलाय. पोतं ओढू नका, दोरीने खाली सोडू नका, माळ्याखालच्या खोलीत कुणी झोपू नका.

ज्यांना काल बोलावलंत त्यांनाच आत्ता पुन्हा फोन करा, सकाळची वाट बघू नका. आणि सांगताना "आणखी एक भंगाराचं पोतं" असं सांगू नका, "वेळेचा फ्यूज, पितळी, माळ्यावर, पोत्यात" असं सांगा, म्हणजे ते तयारीने येतील. काकूंची सोय आज रात्री दुसरीकडे करा.

भगूरची

फोन केला. निघालेत. काकूंना माझ्याकडे नाशिकला आणलंय.